एसजी आयर्नच्या व्होल्यूटला प्रिंट केलेला वाळूचा कोअर : कुणी ओतलंय का? पॅटर्न शॉपनं काय करावं?

शिरोलीचा_पॅटर्नवाला

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोलीत आमचं पॅटर्न शॉप आहे (ओतकामासाठी वाळूत ठसा उमटवायचे नमुने करतो) आणि त्याला लागून लहानशी फाउंड्री. आजोबा उद्यमनगरात रंधा-पटाशीवर काम करायचे, वडिलांनी शिरोलीत शेड टाकलं, मी आल्यावर व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घेतली. ५०० किलोची एक इंडक्शन भट्टी आहे. मोल्डिंग फ्युरान नो-बेकवर (रेझिन आणि अॅसिड कालवलेली वाळू न भाजता घट्ट होते), ग्रे आणि एसजी (गोल ग्रॅफाइटचं बीड) दोन्ही ओततो. नग कमी, काम किचकट, असा आमचा धंदा. मोठ्या लॉटची कामं आमच्याकडं येतच नाहीत.

आता पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं पंपाचं केसिंग दिलंय. डबल व्होल्यूट (पाण्याची शंखासारखी वाट, मधे भिंत), एसजी ४००/१५ ग्रेड, कास्टिंगचं वजन ६२ किलो. आधी ८ नग, ते टेस्टिंगला पास झाले तर वर्षाला २५च्या आसपास. कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) साधारण ४२० मिमी व्यासाचा, २०० मिमी जाडीचा, वजन १४ किलो. डबल व्होल्यूट असल्यानं मधल्या फाळणीच्या भिंतीसाठी कोअरमध्ये ८ मिमीची वळणदार फट सोडायची आहे. आमच्या हिशेबानं कोअर बॉक्सला (कोअर भरायचा साचा) पाच लूज पीस (वेगळे काढायचे सुटे तुकडे) लागतात.

आम्ही कोटेशन दिलं : बाहेरचा पॅटर्न ६० हजार, कोअर बॉक्स १ लाख ४० हजार, सहा आठवडे. गिऱ्हाईक म्हणतं कोअर बॉक्स करूच नका, कोअर थ्री-डी प्रिंट करून आणा. चौकशी केली तर एका ठिकाणी कोअरमागं ४,२०० रुपये आणि दहा दिवस सांगितले. बॉक्समधून हातानं भरलेला कोअर आम्हाला ७००ला पडतो.

वडिलांनी इस्रोची ती बातमी कापून ठेवलीय. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन प्रिंट केलं, १४ भागांचा एक भाग झाला, १९ वेल्ड गेले, मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद पेटवून बघितलं. ५६५ किलो माल लागायचा तिथं १३.७ किलो पावडर लागली. वडील म्हणतात, चौदाचा एक होतो तर आपले पाच लूज पीस कुठं राहणार?

त्यात मागच्या आठवड्यात सँड प्रिंटर विकणारा एक जण येऊन गेला. बँकेची माणसंही सोबत असल्यासारखंच बोलत होता. पॅटर्नचा धंदा पाच वर्षांत बंद होणार, आत्ताच मशीन घ्या, असं त्याचं म्हणणं.

मला विचारायचंय ते असं : प्रिंटच्या कोअरवर एसजी ओतलेलं कुणी आहे का इथं? ब्लोहोल (गॅसनं पडणारी भोकं), फिनिश, माप यांचा अनुभव काय? आणि पॅटर्न शॉपवाल्यानं आता मशीन घ्यावं, की गप्प बसून बघावं?

---

सागवान_आणि_पटाशी

पोरा, तुझ्या आजोबांना मी वळखत असणार, पर हिथं नाव नगं.

आयुष्यभर सागवान आणि कॉन्ट्रॅक्शन स्केल (धातूची आकसण धरलेली पट्टी) घेऊन बसलोय. बिडाला मीटरमागं दहा मिलिमीटर, स्टीलला वीस, ड्राफ्ट (पॅटर्न निघायचा उतार) एक-दोन अंश, ह्यातच केस पिकले. डबल व्होल्यूटचा कोअर बॉक्स म्हंजे काय ते मला सांगू नगंस. लूज पीस काढताना पोरगं जरा घाईत असलं की भिंतीची कड गेली. कोअर भरणाऱ्यानं ती पेस्ट लावून बसवायची, आणि कास्टिंग आल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं. तेवढं जर मशीन करत असंल तर करू दे की. मला त्याचं दुःख न्हाई.

पर एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली न्हाई असं दिसतंय. कोअर बॉक्सचं पैसं गिऱ्हाईक देतंय, पर बॉक्स आपल्या माळ्यावर राहतोय. तो आपल्या माळ्यावर हाय तवर गिऱ्हाईक आपल्याकडंच येतंय. दुसरीकडं न्यायचा म्हटलं तर टेंपो आणावा लागतो, चार माणसं लागतात, आणि बॉक्स नेल्यावर तिथल्या मोल्डरला तो कळायला महिना जातो. आता फाइल आली. फाइल रात्री बारा वाजता बी कोइमतूरला जाती.

प्रिंट चांगला का वाईट हे तुम्ही शिकलेली पोरं बघा. ही फाइल कुणाच्या नावावर राहणार ते आधी लिहून घे.

---

चाकणची_मेथड्सवाली

काका बोलले ते अगदी खरं आहे. त्यावर मी पुढे येते.

आधी माझ्याबद्दल : मूळची इचलकरंजीची, चाकणला सँड प्रिंटिंगचं जॉब वर्क करणाऱ्या ठिकाणी मेथड्स (ओतकामाची आखणी) बघते. म्हणजे माझा पगार प्रिंटवर चालतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

शिरोलीकर, हिशेब अर्धा तुम्हीच मांडलाय. प्रिंटचा कोअर ४,२००, हातचा ७००, फरक ३,५००. १ लाख ४० हजाराचा बॉक्स ४० कोअरनंतर वसूल होतो. पहिले ८ आणि वर्षाचे २५ धरले तर चाळिसावा नग दुसऱ्या वर्षात येतो. तोही डिझाइन तसंच राहिलं तर. पंपाच्या नव्या केसिंगचं डिझाइन पहिल्या टेस्टिंगनंतर जसंच्या तसं राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. व्होल्यूटच्या जिभेची (वळणदार वाट सुरू होते ती कड) जागा दोन मिलिमीटर तरी सरकतेच, आणि मग तुमचे पाचपैकी तीन लूज पीस पुन्हा करायचे. तेव्हा पहिले ८ प्रिंटवर करा. डिझाइन ठरलं आणि ऑर्डर लेखी आली की मग बॉक्सचा विचार करा. बाहेरचा पॅटर्न मात्र तुमचाच ठेवा. साधी कोप-ड्रॅगची (वरचा-खालचा साचा) पार्टिंग आहे, ६० हजारात होतंय, तिथे प्रिंट करून घेणं म्हणजे आमच्या मालकाला देणगी.

या पद्धतीत नवल वाटण्यासारखं तुम्हाला फार काही नाही, कारण रसायन तुमच्या मिक्सरमधलंच आहे. एमआयटीत इमॅन्युएल सॅक्स आणि मंडळींनी १९८९मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९९३मध्ये ते मिळालं : पावडरचा पातळ थर पसरायचा, जिथे घट्ट हवं तिथेच वरून बाइंडरचे थेंब सोडायचे, पुन्हा थर. फाउंड्रीत वाळूत अॅसिड आधीच कालवलेलं असतं आणि प्रिंटहेडमधून फ्युरान रेझिन पडतं. रेझिन पडेल तिथे पिकतं, बाकीची वाळू सुटी. थर ०.२८ मिमीचा. जॉब बॉक्स (ज्यात प्रिंट होतं ती पेटी) ७०० मिमी उंच असेल तर २,५०० थर. ते फ्युरान ज्या फरफ्युरालपासून बनतं ते मक्याच्या कणसांपासून नाहीतर उसाच्या चिपाडापासून काढतात. आपल्याकडच्या लोकांना हे सांगितलं की जरा आपुलकी वाटते.

खरी मेहनत प्रिंट झाल्यावर सुरू होते आणि विकणारा माणूस नेमकं तेच दाखवत नाही. बॉक्स बाहेर येतो तेव्हा समोर फक्त वाळूचा सपाट चौथरा दिसतो. आमची दोन पोरं व्हॅक्यूमची नळी घेऊन वरून वाळू ओढत जातात, आणि भुईमूग उपटल्यावर शेंगा दिसाव्यात तसे कोअर एकेक उघडे पडतात. मग ब्रश, मग कमी दाबाची हवा. तुमच्या कोअरमध्ये अडचण तिथेच येणार : ८ मिमीची वळणदार फट सुट्या वाळूनं गच्च भरलेली असते. टोकाला ती बंद असेल तर आत ब्रश वळत नाही आणि हवा मारली तर वाळू आणखी दाबून बसते. ती वाळू राहिली तर तिथे भिंत अर्धवट येणार, किंवा पोअरिंगच्या वेळी ती सुटून कास्टिंगमध्ये जाणार. म्हणून फाइल पाठवण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. फट जिथे संपते तिथे कोअरच्या बैठकीच्या भागातून (कोअर मोल्डमध्ये टेकतो तिथून) १५ मिमीचं साफसफाईचं भोक ठेवा, नंतर ते पेस्टनं बुजवता येतं. आणि आमच्यासारख्यांना विचारा की एन्डोस्कोप घालून आतला फोटो देता का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

जॉब बॉक्समध्ये कोअर कसा झोपवायचा हेही तुम्ही सांगा, त्यांच्यावर सोडू नका. उथळ उताराच्या पृष्ठभागावर थरांच्या पायऱ्या उमटतात आणि वॉश (कोअरवरचा लेप) लावूनही कास्टिंगवर दिसतात. पंपाच्या पाण्याच्या वाटेवर त्या पायऱ्या गिऱ्हाइकाला चालणार नाहीत. थरांना काटकोनात ओढलं तर ताकदही कमी मिळते, म्हणजे तुमच्या कोअरचा पातळ भाग उभ्या दिशेनं निघाला तर उचलतानाच मोडेल. सपाट प्रिंट करून घ्या, उचलायला दोन कान तिथेच प्रिंट करा.

गॅस. प्रिंटमध्ये बाइंडरचं प्रमाण सहसा तुमच्या मिक्सरपेक्षा जास्त असतं, त्यामुळे एलओआय (वाळूतला जळून जाणारा भाग) जास्त, त्यामुळे ब्लोहोलची भीती. पण इथे प्रिंटचा एक मोठा फायदा आहे जो कोअर बॉक्सनं कधीच मिळाला नसता : कोअर आतून पोकळ करता येतो. जाड भागात २० मिमीची साल ठेवा, मधे पोकळी, आणि ती पोकळी थेट बैठकीतून बाहेर काढा. गॅसला रस्ता मिळतो, वाळू कमी लागते, दरही उतरतो. हातानं भरलेल्या कोअरमध्ये आपण मेणाची दोरी नाहीतर सळई घालून जे कसंबसं करायचो, ते इथे हव्या त्या वळणानं होतं. मात्र पोकळीतली सुटी वाळूही त्याच वाटेनं बाहेर यायची आहे, तेव्हा तोंड मोठं ठेवा.

व्हेनिंगची तक्रार पहिल्या लॉटमध्ये येऊ शकते. सिलिका ५७३ अंशांना रूप बदलते आणि एकदम फुगते, कोअरला चीर पडते, चिरेत धातू शिरतो. प्रिंटला दाणा एकसारखा लागतो, त्यामुळे सगळे दाणे एकाच वेळी फुगतात. तुमच्या नेहमीच्या कासार्ड्याच्या मिश्र दाण्याच्या वाळूला हा त्रास कमी जाणवतो. व्होल्यूटच्या आत व्हेन आली तर फेटलिंगवाल्याचा (कास्टिंग साफ करणाऱ्याचा) ग्राइंडर तिथे पोचणार नाही. अँटी-व्हेनिंग वॉश आधीच मागा, किंवा जिभेजवळच्या भागासाठी वेगळा लहान कोअर सिरॅमिक वाळूत करा.

माप : ±०.४ मिमी धरून चाला. तुमची बैठक लाकडी पॅटर्नमधून येणार आणि कोअर फाइलमधून, म्हणून फटीचा हिशेब दोन्हीकडे एकच माणूस करू दे. बहुतेक भांडणं इथेच होतात. कोअर श्रिंकेज (धातूची आकसण) धरून काढला आणि पॅटर्नवाल्यानं वेगळं श्रिंकेज धरलं, की कोअर बसतच नाही आणि मग कानस घेऊन घासत बसा.

संशोधनाकडे लक्ष ठेवायचं असेल तर मशीनपेक्षा मेथडिंगकडे ठेवा. ओतकामाचे अभ्यासक जॉन कॅम्पबेल वर्षानुवर्षं सांगत आलेत की धातूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला की पृष्ठभागावरचा ऑक्साइड आत गुंडाळला जातो. आणि नुसतं १३ मिमी उंचीवरून पडलं तरी तो वेग गाठला जातो! लाकडी पॅटर्ननं स्प्रू (धातू ओतायची उभी वाट) सरळच काढावा लागतो, त्यामुळे हे सगळ्यांना माहीत असून कुणाला काही करता येत नव्हतं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात गुहा मनोगरन यांच्या गटानं प्रिंट केलेल्या साच्यात शंकूसारखा फिरत जाणारा, नागमोडी स्प्रू करून बघितला, कारण तिथे पॅटर्न बाहेर काढायचाच नसतो. मी लगेच डोक्यावर घेणार नाही, लांब स्प्रूमध्ये धातू थंडही होतो. पण तुमच्यासारख्यानं फक्त स्प्रू आणि रनरचा (पुढची आडवी वाट) तुकडा प्रिंट करून आपल्या नेहमीच्या मोल्डमध्ये बसवला, तर रिजेक्शन देणाऱ्या एखाद्या जुन्या जॉबवर करून बघण्यासारखं आहे. ओतण्याआधी सिम्युलेशन करा. आयआयटी मुंबईत बी. रवी यांच्या गटानं केलेलं ऑटोकास्ट सॉफ्टवेअर आपल्याकडच्या फाउंड्र्यांना नवीन नाही.

आता काकांचा मुद्दा. फाइल कुठेही जाते, खरं आहे. पण गिऱ्हाइकाकडे असते ती पार्टची फाइल. त्यात श्रिंकेज नाही, मशीनिंग अलाउन्स नाही, बैठक नाही, गॅसची पोकळी नाही, साफसफाईचं भोक नाही. कोअरची फाइल तुम्ही बनवणार. तिचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावा, ‘कोअर मेथडिंग’ म्हणून, आणि फाइल तुमच्या मालकीची राहील हे पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) घ्या. तुमच्या वडिलांनी डोक्यात ठेवलेलं सगळं त्या फाइलमध्ये उतरतं, आणि तुम्ही आजपर्यंत ते कोअर बॉक्सच्या लाकडाबरोबर फुकट देत होता.

मशीनचं : ४२० मिमीचे तुमचे कोअर १८०० × १००० × ७०० च्या बॉक्समध्ये एका थरात ८, असे तीन थर, म्हणजे २४ बसतात. तुमचं वर्षाचं काम एका बॉक्सचं आहे. बाकीचे दिवस मशीनला काय खायला घालणार? प्रिंटहेड बंद ठेवलं तरी बिघडतं, ते रोज साफ करायला माणूस लागतो, खोलीचं तापमान आणि दमटपणा सांभाळावा लागतो. शिवाय मशीनवाल्यांचंही काही स्थिर नाही. एक्सवन हे या क्षेत्रातलं जुनं नाव, ते २०२१मध्ये डेस्कटॉप मेटलनं घेतलं, आणि डेस्कटॉप मेटलनं जुलै २०२५मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. हेड आणि सुटे भाग उद्या कोण देणार, हे विकणाऱ्याला लेखी विचारा. बीएमडब्ल्यू एस-५८ इंजिनच्या सिलिंडर हेडचे कोअर प्रिंट करते, हे तो नक्की सांगेल. बीएमडब्ल्यूकडे मशीनला रोज खायला आहे.

एसजीचं एक राहिलं. फ्युरानच्या अॅसिडमध्ये गंधक असतं. कोअरच्या बाजूची कातडी कापून बघितल्याशिवाय लॉट पाठवू नका.

---

नोझल_जाम

मी सातारचा, छोटा प्लास्टिक प्रिंटर घरी ठेवून फाउंड्रीवाल्यांना पॅटर्न करून देतो. वाळूच्या मशीनचं कर्ज काढण्याआधी हे बघा : बाहेरचा पॅटर्नसुद्धा ८ नगांसाठी सागवानात कशाला? एबीएसमध्ये तुकडे प्रिंट करायचे, डॉवेल घालून जोडायचे, कार पुट्टी, सँड पेपर, दोन हात पीयू पेंट. तुमच्याकडे व्हीएमसी आहेच, त्यामुळे पार्टिंगचा पृष्ठभाग एमडीएफवर काढा आणि वरचे वळणाचे भाग तेवढे प्रिंट करा. डिझाइन बदललं की तेवढाच तुकडा बदलायचा.

पीएलए वापरू नका. ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात टेंपोच्या हौद्यात ठेवलेला पॅटर्न फाउंड्रीत पोचेपर्यंत वाकतो, आणि तुमच्या फ्युरानची वाळू पिकताना गरम होते ते वेगळंच. आतली भिंत जाड ठेवा, रॅमिंगला (वाळू ठोकताना) दबला नाही पाहिजे.

---

शिरोलीचा_पॅटर्नवाला

सगळ्यांचे आभार. काका, फाइलचं डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं, त्यांनी ‘बरोबर आहे’ एवढंच म्हटलं, पण कोटेशन परत मागून घेतलं.

ताई, शेवटच्या दोन ओळींनी झोप घालवली. आम्ही वर्षानुवर्षं फ्युरानच्याच मोल्डमध्ये एसजी ओततोय. कधी तक्रार आली नाही. मग प्रिंटच्या कोअरला वेगळं काय होणार? आणि कापून बघायचं म्हणजे नेमकं कुठं, कसं? दुसरं, पहिला लॉट जुलैत येणार. आमच्याकडं त्या दिवसांत शेडमध्ये भिंतींना पाणी असतं.

---

चाकणची_मेथड्सवाली

वेगळं काही होत नाही. तुमच्या मोल्डलाही तेच होतंय, फक्त तिथे कुणी कापून बघितलं नाही.

फ्युरानला पिकवायला आपण सल्फॉनिक अॅसिड वापरतो. धातू लागला की ते जळतं, गंधकाचा वायू निघतो आणि कास्टिंगच्या कातडीतल्या मॅग्नेशियमला धरतो. एसजीमध्ये ग्रॅफाइट गोल राहतं ते धातूत उरलेल्या ०.०३५ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियमच्या जोरावर. कातडीत ते कमी झालं की तिथलं ग्रॅफाइट आधी अळीसारखं, मग ग्रे आयर्नसारखं पापुद्र्याचं होतं. आत अस्सल एसजी, वर ग्रेची साल. बाहेरून तुम्ही दोन-तीन मिलिमीटर मशीनिंगला सोडता, त्यामुळे साल टर्निंगच्या चिपांत निघून जाते. टेस्ट बार तर वेगळाच ओतलेला असतो, त्यात काही दिसत नाही. व्होल्यूटच्या आतून मशीनिंग नाही, म्हणून ती साल तशीच राहते. जाड भागात जास्त, कारण तिथे धातू जास्त वेळ तापलेला राहतो आणि गंधकाला वेळ मिळतो.

आणि एक विचारते : तुम्ही मोल्डला रिक्लेम केलेली वाळू वापरता ना? ती फिरून फिरून गंधक साठवत जाते. प्रिंटला आम्ही बहुतेक नवी वाळू घालतो, म्हणजे त्या बाबतीत तुमच्या मोल्डपेक्षा आमचा कोअर बराही असू शकेल. बाइंडर जास्त, जुनं गंधक कमी. कापल्यावर कळेल.

कुठे कापायचं : पहिल्या ८मधला एक नग धरूनच चला की तो जाणार. जिभेजवळ, जिथे फाळणीची भिंत बाहेरच्या भिंतीला मिळते, तिथून २० मिमीचा तुकडा काढा. तो भाग सगळ्यात उशिरा थंड होतो. कोअरची बाजू कडेला राहील असा माउंट करा, कडेपर्यंत पॉलिश करा, कड गोल होऊ देऊ नका, कारण बघायचंय ते कडेलाच आहे. एच (अॅसिडनं खरवडणं) न करता सूक्ष्मदर्शकात १०० पटीत बघा आणि साल किती मायक्रॉन आहे ते मोजा. मग त्याच तुकड्याच्या मोल्डकडच्या बाजूलाही बघा. शेजारी ठेवून दोन्हीचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. किती साल चालेल हे त्यांच्या डिझाइनवाल्यानं सांगायचं, तुम्ही गृहीत धरू नका. पंपाच्या केसिंगला स्थिर दाब असतो, तिथे थोडी चालते. थकव्यानं मोडणाऱ्या पार्टला चालत नाही.

साल जास्त निघाली तर उपाय क्रमानं : आधी गंधक अडवणारा वॉश, त्यात चुना किंवा मॅग्नेशियाचा भाग असतो, वॉशवाल्याला ‘सल्फर बॅरियर’ म्हटलं की कळतं. वॉश एकसारखा बसला पाहिजे, फटीत ब्रशनं नाही बसत, कोअर बुडवा. ओतायचं तापमान जेवढं खाली आणता येईल तेवढं आणा, पण तुमची ८ मिमीची भिंत आहे, कोल्ड शट (थंड धातू न जुळल्याची रेघ) येऊ देऊ नका. त्यानंही भागलं नाही तर फ्युरानऐवजी फिनॉलिक बाइंडरवर प्रिंट करणारे शोधा, दर चढेल. काही जण सरळ मॅग्नेशियम वाढवतात. ते करू नका, श्रिंकेज आणि ड्रॉस (धातूवरची मळी) दोन्ही वाढवून घ्याल.

पावसाचं. फ्युरानचा कोअर दमट हवेत ताकद गमावतो, आणि कोअर जितका पातळ तितका लवकर. आमच्याकडून निघताना प्लॅस्टिकमध्ये बंद, आत सिलिका जेलच्या पिशव्या, फोमच्या खोबणीत एकेक. खंबाटकीत टेंपो कितीही आपटला तरी चालतो, पण पिशवी फाटलेली चालत नाही. पोचल्यावर पिशवी उघडून कोअर शेडमध्ये मांडून ठेवू नका. ज्या दिवशी मोल्ड बंद करायचाय त्या दिवशीच उघडा, त्याच दिवशी वॉश. स्पिरिटचा वॉश असेल तर पेटवून झाल्यावर वरूनही गरम हवा द्या, फटीतलं स्पिरिट आपोआप जळत नाही. पाण्याचा असेल तर ओव्हनशिवाय करूच नका. कोअर बसवल्यावर मोल्ड रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी ओतायची पद्धत जुलैत सोडा.

ऑर्डर देताना त्याच जॉब बॉक्समधून चार-पाच टेस्ट बार प्रिंट करून मागा, कोअरच्याच पिशवीत. ओतायच्या सकाळी त्यातले दोन मोडून बघा. पाठवतानाच्या रिपोर्टपेक्षा आकडा बराच उतरला असेल तर त्या दिवशी भट्टी दुसऱ्या जॉबला लावा.

---

सागवान_आणि_पटाशी

ताई, मोडायला मशीन न्हाई त्यानं काय करायचं?

---

चाकणची_मेथड्सवाली

काका, दोन लाकडी ठोकळे, मधे बार, बादली लटकवायची आणि हळूहळू वाळू सोडत जायची. मोडला की बादली तोला. आकडा लॅबशी जुळणार नाही, पण पिशवीतून काढलेला बार आणि रात्रभर शेडमध्ये ठेवलेला बार यांतला फरक त्यात स्वच्छ दिसतो. शिरोलीकर, फाइल पाठवण्याआधी फटीच्या टोकाचा सेक्शन इथे टाका, भोक पुरेसं आहे का बघते.